‘कोणताही आजार नाही’ असं लिहून आणा म्हणे

या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची लेक पहिल्यांदाच घर सोडून राहायला गेली. भंडारदऱ्याजवळचं निवासी शिबिर, सहा रात्री. ती सुखरूप परत येऊनही महिना झाला, पण वैद्यकीय प्रमाणपत्राच्या एका कागदापायी गेलेले ते आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. ज्यांच्या मुलांना दमा, फिट्स, ॲलर्जी असं काही आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

शिबिर निवडणं, पैसे भरणं एका संध्याकाळी उरकलं. मग आला फॉर्म. त्यात छापील वाक्य होतं, ‘सदर पाल्यास कोणताही आजार नसून तो/ती सर्व साहसी उपक्रमांसाठी पूर्णपणे तंदुरुस्त आहे.’ खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

लेकीला दमा आहे. सौम्य आहे, आटोक्यात आहे. धूळ, धूर किंवा सर्दीनंतरची धावपळ झाली की छाती वाजायला लागते, निळा पंप (इनहेलर) घेतला की थांबते. आमच्या डॉक्टर तिला जन्मापासून बघतात. त्यांनी फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “ही खुशाल डोंगर चढेल, पोहेल. ते मी लिहून देते. पण कोणताही आजार नाही, याच्याखाली माझी सही होणार नाही.” त्यांनी लेटरहेडवर पानभर लिहून दिलं. दमा कशाने वाढतो, चढण सुरू करण्याच्या किती वेळ आधी पंप घ्यायचा, धाप लागली तर आडवं न झोपवता बसवून ठेवायचं, पंपाने उतार पडला नाही तर न थांबता दवाखान्यात न्यायचं. असा कागद हातात असल्यावर कोणाला काय अडचण येणार, असं मला वाटलं.

कार्यालयात तो कागद वाचलाच नाही. “मॅडम, आमच्या फॉर्मवरच लागतं.” मी फॉर्मला पत्र जोडते म्हटलं, तर वरची सही कुठे आहे? वाक्य खोडून दुरुस्ती करून आणते म्हटलं, तर खाडाखोड चालत नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, ‘सर बाहेर आहेत.’ त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेले, तेव्हा समोरच्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, “कुठल्याही दवाखान्यातून सही आणा ना. सगळे पालक तेच करतात.”

निघायला चार दिवस उरले होते. लेकीने पिशवी दोनदा भरून दोनदा रिकामी केली होती. नवरा म्हणाला, घे सही आणि संपव विषय. मी खरंच आमच्या गल्लीतल्या एका दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले. तिथे उभी असताना मला एकच चित्र दिसायला लागलं. रात्रीचे दोन वाजलेत, तंबूत माझी मुलगी उठून बसली आहे, श्वास अपुरा पडतोय, आणि मुलींसोबत राहणाऱ्या शिबिरातल्या ताईकडच्या कागदावर लिहिलंय, कोणताही आजार नाही. मी मागे फिरले.

त्या फॉर्मची खरी खोट तीच आहे. आजार सांगणाऱ्या मुलाला तो दारातच अडवतो आणि लपवणाऱ्याला आत घेतो. वर नियम असा, की सगळी औषधं पहिल्या दिवशी कार्यालयात जमा करायची. तापाची गोळी जमा करा, जरूर करा. पंप कसा जमा करणार? तो हातासरशी लागतो. अर्ध्या डोंगरावर धाप लागली तर पायथ्याच्या कपाटातला पंप काय कामाचा?

सुटका झाली ती वेगळ्याच वाटेने. मी त्या बाईंना म्हटलं, मला सर नकोत, शिबिरात रात्री मुलांसोबत जे राहणार आहेत त्यांचा नंबर द्या. शिबिरप्रमुख दादा गिर्यारोहणातले जुने माणूस निघाले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. शेवटचा त्रास कधी झाला, कशाने झाला, आणि पंप ती स्वतः घेते का? मग म्हणाले, “ताई, सांगून आलेल्या मुलांची मला काळजी नसते.” ते छापील वाक्य खोडून बाजूला डॉक्टरांची सही, सोबत पत्र, एवढं त्यांना पुरलं. दहा मिनिटांत काम झालं! मला रडूच आलं. तुम्ही पैसे भरण्याआधीच हा नंबर मागा.

त्यांनाच मी बाकीचं विचारून घेतलं, तेही विचारा. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब, रात्री गाडी आणि चालक मुक्कामी असतात का. विंचवाचंही विचारा, मे महिन्यात दगडांच्या भागात तो निघतोच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन नावाची गोळी वापरून दाखवली आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. ती गोळी आणि विंचवाच्या विषावरची लस त्या रुग्णालयात आहे का, हे दादांनी माझ्यासमोर फोन करून विचारलं. बूट झटकून घालायची सवय मात्र घरूनच लावून पाठवा.

दोन पंप दिले. एक तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरा ताईकडे, दोन्हींवर नाव. त्याआधी पंधरा दिवस ती रोज आरशासमोर पंपाला स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून जोडायची नळी) लावून एकटीने पंप घ्यायचा सराव करत होती, दहा आकडे मोजून श्वास धरून. शेकोटीला धूर अंगावर येणार नाही अशा, वारा येतो त्या बाजूला बसायचं, हेही तिला पाठ होतं.

बाकी तयारी अशी काही मोठी नव्हती. मावशीकडे दोन रात्री फोनशिवाय राहिली. पिशवी तिने स्वतः भरली, म्हणजे टॉवेल कुठे आहे हे तिला माहीत. वेणी घालता येत नव्हती म्हणून केस खांद्यापर्यंत कापले. घाटात गाडी लागते, तेव्हा पहाटे पोट भरून खायला देऊ नका. फॉर्मवर धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारलं होतं, मी घाबरून लगेच द्यायला निघाले होते. डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड बघितलं. पाचव्या वर्षाचा बूस्टर झालेला, पुढचा दहाव्या वर्षी. कार्डाची झेरॉक्स जोडली, झालं.

एक चूक माझी. निघताना मी म्हणाले, करमलं नाही तर लगेच न्यायला येईन. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांचा फोन, त्यात ती रडत तेच धरून बसली, “तू म्हणाली होतीस ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादांनी फोन घेऊन उद्या संध्याकाळपर्यंत थांबू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघून आली, वाटेत जांभळं खाल्ली, आणि संध्याकाळचा तिचा निरोप होता की आईला सांगा, येऊ नको. तसं वचन मुलांना देऊ नका.

पंप तिला दोनदाच लागला. एकदा शेकोटीनंतर, एकदा चढणीवर. दोन्ही वेळा तिने स्वतःहून ताईला सांगितलं.

परत आल्यावर मी कार्यालयाला पत्र दिलं आहे. ते वाक्य बदलून ‘पाल्यास असलेले आजार व घ्यावयाची काळजी’ असा रकाना करा, आणि पंप मुलाजवळच राहील असं नियमात लिहा. पोच घेतली आहे, उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.