आमची वाटचाल : २१११ टाकून बघा

बरेच लोक विचारतात तुमचा कॉम्प्युटर क्लास आहे काय. क्लास नव्हे हो. कॉलेजात शिकवणाऱ्या मास्तरांना आम्ही पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतो, म्हणजे पायथन पोरांना कसं शिकवायचं ते शिकवतो. बेळगावात टिळकवाडीत एक खोली, ११ सेकंडहँड लॅपटॉप, पिवळा रंग उडालेला प्रोजेक्टर आणि दोन लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड, एवढीच आमची कंपनी. त्यात बोर्ड सगळ्यात मोलाचे, कारण कुठल्याही सेमिनार हॉलात जावा, प्लग भिंतीला आणि मास्तर मधोमध.

सुरू केलं तेव्हा व्हीटीयूच्या, म्हणजे आमच्याकडच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या, अभ्यासक्रमात सी या जुन्या भाषेच्या जोडीला पायथन आलं होतं आणि आमच्या भागातले निम्मे सर लोक टर्बो सी, म्हणजे सी लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, निळ्या स्क्रीनवर वाढलेले. सी मधे ओळ संपली की सेमीकोलन लागतो, पायथनमधे नाही, तो दिला नाही तर हात थरथरायचा त्यांचा. पायथनमधे रेंज १ ते १० लिहिलं की मोजणी ९ लाच का थांबते, यावर निपाणीच्या एका कॉलेजात अख्खा तास भांडण झालं, मराठीत सुरू होऊन कन्नडात संपलं. मागच्या बेंचवरून कुणीतरी 'स्वल्प निधान सर' (जरा सावकाश सर) म्हटलं की मी समजायचो, आता खडू घ्यायचा, माऊस सोडायचा.

पेनड्राइव्हवर काय काय न्यायचं ते लिहितोच, कारण नवीन लोक इथंच मार खातात. लॅबमधे विंडोज ७ असणारच असं धरून चाला, आणि त्यावर पायथन ३.८ च्या पुढचं बसत नाही. जुन्या मशिनींसाठी ३२ बिटचा इन्स्टॉलर वेगळा ठेवा. नेट आहे म्हणाले तरी ऑफलाइन फाइल घेऊनच जा. काही ठिकाणी जुनं पायथन २.७ टाकलेलं सापडतं, ते २०२० च्या १ जानेवारीला बंद झालं, खरं लॅबवाल्याला कोण सांगणार? तिथं सात भागिले दोन केलं की साडेतीनच्या जागी तीन येतात आणि सर लोक माझ्याकडं बघतात. आणि एक, शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावू नका. दोन सेकंदात एरर काढून देता, मग तो माणूस सोमवारी वर्गात एकटा उभा राहिला की घाम फुटतो.

धंदा माझा एकट्याचा नव्हता. जोडीदार होता, घरातल्यासारखा, आईच्या हातचं खाल्लेला. तो बोलायला गोड, मी खडूस, त्यामुळं कॉलेजं तो आणायचा आणि शिकवायचो मी. स्लाइड मीच करायचो. त्यातली आमची हुकमी स्लाइड म्हणजे गणितज्ञ कापरेकरांची. देवळालीच्या शाळेत मास्तर होते ते. चार आकडी संख्या घ्या, चारी अंक सारखे नकोत, अंक उतरते लावा, चढते लावा, मोठ्यातून लहान वजा करा, परत तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४. ३५२४ घेतलं तर तीनदातच येतं, ३०८७, ८३५२, ६१७४.

आता गंमत ऐका. त्या स्लाइडवरचा प्रोग्राम मी मुद्दाम चुकीचा ठेवला होता. ३५२४ ला बरोबर चालतो. खरं २१११ टाकलं की वजाबाकी येते ९९९, पुढचं शून्य गळतं, मग ९९९ वजा ९९९, शून्य, ६१७४ काही येत नाही आणि लूप (तेच तेच परत चालवणारा भाग) थांबतच नाही, शून्यं नुसती धावत सुटतात. झेडफिलनं, म्हणजे पुढं शून्यं भरायच्या पायथनच्या सोयीनं, चार घरं भरून घेतली की ०९९९ होतं आणि पाचव्या फेरीत ६१७४ हजर. ही चूक मास्तरांनी कागदावर रकाने आखून, एकेक ओळ चालवून स्वतः शोधायची. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणजे आमच्या लेखी हेच.

ती चूक सगळ्यात आधी सापडली खानापूरकडच्या एका मॅडमना. रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलेल्या. दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन आल्या, "सर, मी रात्री पाच पानं केलो, तुमचं शून्य पडतंय बघा." (आमच्याकडं बायकाही केलो-आलोच म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.)

मग आला मार्च २०२०. चार कॉलेजांची बुकिंग एका आठवड्यात गेली. लॅपटॉपसाठी सोसायटीचं कर्ज होतं, ते हप्ते काय लॉकडाऊन बघत नाहीत. त्यातच मोठ्या शहरातली एक कंपनी आमच्या भागात फुकट वेबिनार घ्यायला लागली, दोन दिवस बसा, फीडबॅक फॉर्म भरा, ई-सर्टिफिकेट मेलवर. नॅकला, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्यांना, दाखवायला कागद झाला, प्रिन्सिपल खुश. आमच्या पाच दिवसांच्या, घाम काढणाऱ्या ट्रेनिंगला कोण पैसे देणार? आणि आमच्या कॉलेजांचे नंबर त्यांना कुठून मिळाले हे कळायला मला दोन महिने लागले. जोडीदार तिकडं गेला होता. फोन उचलायचा बंद झाला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. लिहून काही ठेवलं नव्हतं आम्ही. भाऊ असला तरी स्टँप पेपर करा बाबांनो.

मी काय केलं, बायकोच्या नावानं रजिस्टर करून त्यांच्या वेबिनारला बसलो, कॅमेरा बंद, माइक बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी आली की स्लाइड. तीच. कापरेकर, ३५२४, माझाच चुकीचा प्रोग्राम, आणि शिकवणारा पोरगा तोच बरोबर म्हणून सांगतोय. अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात चॅटमधे एक ओळ आली, "२१११ टाकून बघा सर." खानापूरच्या मॅडम. प्रिन्सिपलनी सगळ्यांना बसवलं होतं, त्यात त्याही. पोरग्यानं टाकलं. शून्य, शून्य, शून्य. थोडा वेळ बघितलं त्यानं, मग नेटवर्क प्रॉब्लेम आहे म्हणाला आणि पुढची स्लाइड.

कॉलेजं उघडल्यावर पहिलं बुकिंग मॅडमच्याच कॉलेजचं आलं, निम्मा चेक आधी. (निम्मे आधीच घेत जावा, नंतरचे कधी येतात ते विचारू नका.) पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, कर्ज फिटलं. स्लाइडमधली चूक तशीच ठेवलीय, फक्त आता चालवायला कुणाला देत नाही, फळ्यावर लिहितो.

जोडीदार परवा खडे बाजारात दिसला, मी कुंदा घेत होतो, दोघांनीही मान वळवली. त्या वेबिनारचं सर्टिफिकेट बायकोच्या नावानं आलं होतं, ते प्रिंट काढून ऑफिसात लावलंय. तिला पायथन येत नाही.