व्यसनात दिसणारा स्वभाव कुणाचा?

व्यसनमुक्ती केंद्रात भरती करताना घरच्यांना रुग्णाविषयी विचारलं की खोटारडा, आळशी, तापट हे शब्द पहिल्या पाच मिनिटांत येतात. मग वडील म्हणतात, "पहिल्यापासून स्वभावच तसा आहे हो त्याचा." हे वाक्य नोंदवून ठेवावं, पण निदान म्हणून नव्हे. गर्द (हेरॉइन) किंवा एमडी (मेफेड्रोन) चालू असताना जो स्वभाव दिसतो त्यातला बराचसा त्या पदार्थाचा असतो.

गर्दचंच बघा. पन्नीवर शेवटचा दम मारल्यानंतर आठ ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. नाक-डोळे वाहतात, एकामागून एक जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पायांची हाडं ठणकतात, पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टिपेला पोचतं आणि साधारण आठवडाभरात ओसरतं. आता रोज ओढणाऱ्याच्या दिवसाचा हिशेब मांडा. सकाळची पुडी उतरायच्या आत पुढच्या पुडीचे पैसे उभे करायचे, घराबाहेर पडायला कारण शोधायचं, परत आल्यावर उशिराचं कारण सांगायचं. आईच्या पाकिटातली नोट, मित्राचा 'दोन मिनिटांसाठी' घेतलेला मोबाईल, भंगारात गेलेली पितळी भांडी हे सगळं त्या वेळापत्रकात बसतं. बुप्रेनॉर्फिन या गर्दच्या जागी दिल्या जाणाऱ्या औषधाच्या योग्य मात्रेवर माणूस स्थिरावला की टर्कीची धास्ती जाते आणि खोटं बोलण्याचं मोठं कारणच उरत नाही. सवय मात्र काही काळ राहते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एमडीचा चेहरा वेगळा. नशा काही तासांत उतरते, म्हणून रात्रभर पुन्हापुन्हा घेतली जाते. झोप नाही, जेवण नाही, जबडा आवळलेला. सलग दोन-तीन रात्री अशा गेल्या की संशय सुरू होतो: शेजारी पाळत ठेवतात, बायको फोनवर कुणाशी बोलते, खिडकीखाली पोलीस आहेत. मग पदार्थ संपतो आणि माणूस दिवसभर झोपून राहतो, उठला तरी कशातच रस नसतो. घरच्यांच्या लेखी तो आधी संशयी असतो, नंतर आळशी. गांजा सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड वाढते आणि भूक मरते. झोपेची कुरकुर महिनाभरही चालते.

म्हणून भरतीनंतर तिसऱ्या दिवशी कुणी व्यक्तिमत्त्व चाचणीचा जाडजूड अहवाल हातात दिला तर तो बाजूला ठेवावा. टर्कीत सोडवलेली चाचणी टर्कीच मोजते. किमान दोन, शक्यतो चार आठवडे जाऊ द्यावेत. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मात्र लवकर द्यायला हरकत नाही, फक्त एकदा देऊन थांबू नये. दर आठवड्याला तीच द्यावी आणि आकडा कुठे जातो ते बघावं. 27 पैकी 19 वरून 14, मग 8 असा उतरला तर तो बहुधा पदार्थाचा आणि तो सोडण्याचा परिणाम. चौथ्या आठवड्यातही 10 च्या वर अडकून असेल तर नैराश्य स्वतंत्र धरून उपचार सुरू करावेत. आधीपासून नैराश्याचा इतिहास असेल तर इतकंही थांबायचं कारण नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी समोर बसून स्पष्ट विचारायचं.

आता उलटी बाजू. स्वभावाचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही चूक. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजवर पाठपुरावा झाला आहे. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता, त्यांच्यात 32 व्या वर्षी व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात घेऊनही फरक उरलाच. तरी 'व्यसनी व्यक्तिमत्त्व' असं निदान कुठल्याच पुस्तकात नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने 1952 च्या मनोविकारांच्या पहिल्या सूचीत व्यसन व्यक्तिमत्त्वदोषांत टाकलं होतं, 1980 च्या सूचीत ते स्वतंत्र झालं. आपल्याकडचे नातेवाईक (आणि काही समुपदेशकही) अजून 1952 मध्येच आहेत.

कामाला येते ती कॅनडातल्या पॅट्रिशिया कॉनरॉड यांच्या गटाने मांडलेली चार स्वभाववैशिष्ट्यं: निराशा, शरीरातल्या धास्तीच्या खुणांनाच घाबरणं, थरार शोधणं आणि विचार न करता कृती करणं. कोण कुठून घसरेल याचा अंदाज यातून बांधता येतो. निराश माणूस बहुतेकदा एकटा असताना, काही विशेष घडलेलं नसताना घेतो. छातीत धडधडलं की हार्ट अटॅक आला असं वाटणारा दारू आणि झोपेच्या गोळ्यांकडे वळतो. त्याचा गर्द सुटला तरी मेडिकलमधून परस्पर आणलेली क्लोनाझेपाम सुरू राहते. थरार शोधणारा चांगल्या दिवसांत घसरतो: पगार, लग्न, गोव्याची ट्रिप. त्याला 'शांत बस, ध्यान कर' सांगून भागत नाही, त्याच्या आठवड्यात दमवणारं काहीतरी लागतं.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड. त्याच्या बाबतीत भांडण आणि पुडी यांच्यात दहा मिनिटंही नसतात. त्याला दुष्परिणामांची यादी पाठ असते, पण राग चढल्यावर ती आठवत नाही. म्हणून त्याच्याबरोबर विचारांवर कमी आणि अंतरावर जास्त काम करावं. रोख रक्कम जवळ नको, विक्रेत्याचा नंबर नको, भांडण पेटलं की कुठल्या खोलीत किंवा कुणाच्या घरी जायचं ते आधीच ठरलेलं हवं. यांच्यात लहानपणापासूनचं एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) आहे का हेही तपासावं. शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकातले शेरे इथे फार बोलतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान मात्र पंधराव्या वर्षाच्या आधी तशा वर्तनाचा पुरावा असल्याशिवाय आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. केवळ व्यसनापायी केलेल्या चोऱ्यांवरून ते निदान करायचं नसतं.

हे सगळं वेगळं काढायला एक कागद पुरतो. तो आडवा धरून तीन ओळी आखाव्यात: वय, पदार्थ, मनाची अवस्था. समजा, सोळाव्या वर्षी गांजा, एकविसाव्या वर्षी एमडी, चोविसाव्या वर्षी गावी आजीकडे आठ महिने काहीच नाही. त्या आठ महिन्यांवर बोट ठेवायचं. झोप कशी होती, रडायचा का, बडबड आणि खर्च अचानक वाढलेला का? एमडी घेतलेला माणूस आणि उन्मादाच्या झटक्यातला माणूस वरून सारखेच दिसतात. पदार्थाविना काळातही तसा झटका आला असेल तर बायपोलरचा (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचा) विचार करायला हवा. नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने तिथे उन्माद उसळू शकतो. ही रेघ रुग्णाकडून एकदा आणि बहिणीकडून किंवा बायकोकडून एकदा, वेगवेगळी काढून घ्यावी. तारखा जुळत नाहीत तिथे बहुधा काहीतरी सापडतं.

चुका नेहमीच्याच होतात. मानसोपचारतज्ज्ञांपासून व्यसन लपवलं जातं आणि केंद्रापासून आजार. 'गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन' म्हणत स्किझोफ्रेनियाची औषधं बंद केली जातात. आधी व्यसन सोड, मग मनाचं बघू, असा क्रम लावला जातो. दोन्हींवर एकाच वेळी, शक्यतो एकाच टीमने उपचार करावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकारांनाही लागू आहे. त्यामुळे रुग्णाला साखळीने बांधणारं केंद्र बेकायदा वागतंय, घरच्यांची संमती असली तरी.

चार आठवड्यांचा नियम लागू नसलेल्या गोष्टी: आत्महत्येची भाषा, हुकूम देणारे आवाज, फिट, ताप आणि भ्रम. यांत थेट रुग्णालय गाठावं. एरवी फोनवर बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे क्रमांक आहेत.

गर्द सोडलेल्यांच्या बाबतीत सगळ्यात धोकादायक काळ केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हात जुन्याच मापाने घेतो. श्वास मंदावून माणूस जातो. उतावळ्या स्वभावाच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे एकत्र बसवून सांगावं, तेही डिस्चार्जच्या घाईत नव्हे, तर आदल्या आठवड्यात, तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असताना.