केना रंगवायचा तर आधी निळा

रानफूल समोर आलं की आधी पेन्सिल नको, ब्रश उचला, असं मी म्हणते तेव्हा चित्रकला रीतसर शिकलेली मंडळी नाक मुरडतात. आधी रेखाटन, मग रंग हा क्रम जास्वंदीलाही जेमतेम चालतो. केना या निळ्या रानफुलाला मुळीच नाही. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार होता होता पाकळ्या विरघळून त्यांचा निळसर चिकट गोळा होतो. फांदी पाण्यात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा, पानं टिकतील. निळा टिकणार नाही.

म्हणून सकाळ फक्त रंगासाठी. ज्या कागदावर चित्र होणार त्याचाच एक तुकडा घ्यायचा (मी ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, गुळगुळीत हॉट प्रेस्ड वापरते), त्यावर निळ्याचे ठिपके देत जायचे, वाळू द्यायचे आणि पाकळीशेजारी धरून बघायचे. ओला रंग नेहमी जास्त गडद दिसतो, त्याच्यावर विसंबू नये. पटलेल्या ठिपक्याखाली मिश्रण लिहून ठेवायचं. अल्ट्रामरीन हा निळा मी इथे घेत नाही. त्याचे कण कागदावर सुटे बसतात; आकाशात ते छान दिसतं, नखाएवढ्या पाकळीवर मळ वाटतो. फ्थॅलो ब्लूमध्ये क्विनॅक्रिडोन मॅजेन्टा जरासा, बस. ऑपेरा पिंकचा मोह टाळा. त्याची चमक उजेडात उडते.

फर्डिनांड बाउअर या वनस्पतिचित्रकाराने याच अडचणीवर आकड्यांचा तोडगा काढला होता. १८०१ मध्ये तो ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या सफरीला निघाला. पेन्सिलच्या रेखाटनावर तो प्रत्येक भागाच्या रंगाचा क्रमांक टाकत जायचा. छटा हजाराच्या आसपास! प्रत्यक्ष रंगवायचा ते पुढे, सवडीने. एवढे निळे डोक्यात ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपण आपले ठिपके द्यावेत.

रंग हाती लागला की मग डिव्हायडर घेऊन मोजमाप. वरच्या दोन पाकळ्या मोठ्या, तळाशी दांडीसारख्या निमुळत्या. तिसरी खाली, लहानशी. फूल ज्या हिरव्या कोषातून डोकावतं तो नरसाळ्यासारखा असतो. इथे घाई नको, कारण याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका केन्याचा कोष तळाशी न जुळता मोकळा असतो आणि जाणकार ओळख तिथेच पटवतात. फांदी मी आहे त्याच आकारात काढते, फूल शेजारी चौपट मोठं करून, खाली मोजपट्टीची रेघ.

पिवळे पुंकेसर निळ्याच्या आधी. ओल्या निळ्याला पिवळा टेकला की हिरवा झालाच म्हणून समजा. मास्किंग फ्लुइडने (रंग अडवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) जागा राखता येते, पण गुळगुळीत कागदाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघू शकतो, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. पिवळा पूर्ण वाळला की त्याला वळसा घालत निळा.

पानांना वेळच वेळ आहे, ती संध्याकाळीही रंगवा. ट्यूबमधला तयार हिरवा मात्र नको. त्याच निळ्यात पिवळा घाला, फार भडक झाला तर थेंबभर लाल. पानाचा तळ खोडाला जिथे वेढतो तिथे लांब तांबूस केस असतात. ते सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या जवळजवळ कोरड्या ब्रशने, मुळाकडून टोकाकडे उचलत.