जुन्या फिटिंगांना नवे रबर

माझ्या 1978 सालच्या पोर्शे 911 एससीखाली तेलाचा डाग दिसू लागला, तेव्हा बरेच दिवस मी सगळा दोष इंजिनच्या गास्केटांवर ढकलत राहिलो. डाग मात्र उजव्या मागच्या चाकाच्या पुढे पडत होता आणि या गाडीचे इंजिन त्या चाकाच्या मागे असते, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन वेळा तेल भरावे लागले. गळत होती ती थर्मोस्टॅटला जोडलेली नळी.

ज्यांना या गाडीची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या इंजिनात तेल खालच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात, साठवून ठेवत नाहीत. एक पंप ते खालून उपसून बाहेर काढतो आणि उजव्या मागच्या चाकाच्या मागे असलेल्या टाकीत पाठवतो, आणि दुसरा पंप तिथून ते ओढून दाबाने बेअरिंगांना पुरवतो. वाटेत थर्मोस्टॅट आहे. तेल 80 अंशांच्या पुढे तापले की तो त्याला दाराखालच्या पट्टीलगत जाणाऱ्या धातूच्या नळ्यांतून थेट उजव्या पुढच्या मडगार्डमधील कूलरकडे वळवतो. सुमारे 13 लिटर तेलाचा हा प्रवास बहुतेक धातूच्या नळ्यांतूनच होतो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असल्याने जिथे जिथे लवचीकपणा हवा तिथे रबरी होज बसवलेले असतात, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी दगा देतात ते हेच तुकडे.

तयार नवे होज मिळतात आणि ते लावण्यात काही गैर नाही. तरीही मूळ होजची खरी किंमत रबरात नसून टोकांच्या वाकवलेल्या पोलादी नळ्यांत आहे, असे माझे मत आहे. त्या नळ्यांचे कोन त्या गाडीच्या पत्र्याला आणि एक्झॉस्टला चुकवून जाण्यासाठी ठरवलेले असतात, आणि कोनात थोडा जरी फरक पडला तरी होज कुठे तरी घासत राहतो. म्हणून धातू ठेवायचा, रबर बदलायचे, असे मी ठरवले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो होज काढण्यातच. थर्मोस्टॅट ॲल्युमिनियमचा आणि त्यावरचे मोठे नट पोलादी. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल वर्षानुवर्षे तिथे साचत असल्याने दोन धातूंमधील गंजाने आटे जणू एकजीव झाले होते. तीन संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारले, एका पान्याने थर्मोस्टॅटची बाजू धरून दुसऱ्याने नट फिरवून पाहिला, आणि एक नट सुटलाही. दुसऱ्यावर जोर लावायचे मी टाळले, कारण अशा वेळी आधी आटे जातात ते ॲल्युमिनियमचे. तो नट लांबीच्या दिशेने आट्यांपर्यंत जवळजवळ पोहोचेल इतका कापला आणि छिन्नीने उकलला. नट गेला, थर्मोस्टॅट वाचला.

होज काढल्यावर टोके कापण्याआधी एक काम करायचे असते, आणि एका होजच्या बाबतीत मी तेच विसरलो: दोन्ही टोकांच्या वाकांचा एकमेकांशी असलेला कोन खुणेने नोंदवून ठेवणे. फेरूल, म्हणजे होजला धातूच्या टोकावर आवळून धरणारी धातूची बांगडी, एकदा दाबून बसवली की टोक फिरत नाही, आणि रबराच्या आतल्या मजबुतीच्या विणीमुळे नवा होज पिळ सहन करत नाही. मी फोटोवरून अंदाज बांधला, अंदाज काही अंश चुकला आणि तो होज पुन्हा कापून नव्याने करावा लागला. बाकीच्या होजवर मी एका सरळ रेषेत रंगाची खूण केली, शिवाय लाकडी फळीवर खिळे ठोकून टोकांची जागा पक्की केली.

जुनी फेरूल छोट्या ग्राइंडरने लांबीच्या दिशेने कापायची, पण आतल्या खाचा असलेल्या पोलादी टोकाला चाकी लागता कामा नये, कारण तिथे उभा चरा पडला तर तेल पुढे त्याच वाटेने झिरपते. म्हणून शेवटची पातळ पापडी चाकीने न कापता पेचकसाने उचकटली. आतले रबर पाहून मात्र मी थांबलो. बाहेरून केवळ कडक झालेल्या त्या होजचा आतला थर विणीपासून सुटून एका बाजूला जिभेसारखा लोंबत होता. टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या होजमध्ये असे झाले तर ती जीभ झडपेसारखी वाट अडवते आणि इंजिनला तेल कमी पडते. गळती निदान जमिनीवर दिसते; हे कुठेच दिसले नसते.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. नट नळीवर अडकलेले असल्याने साफसफाई आणि पिवळे झिंक प्लेटिंग होज बसवण्याआधीच करून घ्यावे लागते. उकललेल्या नटाच्या जागी नवा नट घालण्यासाठी नळीचे टोक सोडवून पुन्हा ब्रेझिंग (वितळलेल्या दुसऱ्या धातूने सांधणे) करावे लागले, तेही प्लेटिंगच्या आधीच. मग हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडे नायट्राइल रबराचा, गरम तेलासाठीचा होज घेऊन नव्या फेरूल मशीनवर दाबून घेतल्या. खेचणाऱ्या बाजूसाठी मुद्दाम आत तारेची गुंडाळी असलेला होज निवडला, म्हणजे ओढीने तो चपटा होणार नाही. स्क्रूच्या क्लॅम्पवर काम भागवावे असे काही जण सुचवतात. थंड तेल घट्ट असताना उपसणाऱ्या पंपाच्या बाजूलाही बराच दाब येतो, त्यामुळे मला ते पटत नाही.

बसवण्याआधी प्रत्येक नळी सॉल्व्हंटने धुऊन हवेने फुंकली, कारण कापताना उडालेला कीस कूलरमध्ये गेला तर तो तिथून काढणे कठीण. थर्मोस्टॅटच्या आट्यांना आटे चिकटू न देणारे ग्रीस लावले. इग्निशन तोडून, दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवला आणि मगच इंजिन सुरू केले. तेलाची पातळी या गाडीत सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू असतानाच पाहायची असते; ती तशी पाहून अर्धा लिटर भर घातली. पहिल्या लांब फेरीनंतर थर्मोस्टॅटच्या एका नटाशी तेलाची ओलसर कड दिसली. दोन पान्यांनी तो नट थोडा आवळला, आणि तेव्हापासून खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा आहे.