तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर सोडून पोर्टल का?

चिपळुणात भेटणारा दर तिसरा माणूस विचारतो, "काय हो, चांगला पेपर होता, तो सोडून हे पोर्टल कशाला काढलंत?" कचेरीत याहून सरळ प्रश्न असतो, "कुठला पेपर?" पोर्टल म्हटलं की कोणी बसा म्हणत नाही.

पैशासाठी सोडला नाही. पेपरात मानधन किरकोळ, आणि 15 ऑगस्ट, दिवाळी, साहेबांचा वाढदिवस आला की बातमीदाराने जाहिराती गोळा करायच्या. ते सगळ्याच तालुक्यांत चालतं. माझं मन उडालं ते पूररेषेवरून.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर काही दिवस आम्ही पहिल्या पानावर होतो. मग जिल्ह्याच्या पानावर, मग कोपऱ्यात. इकडे गाळ वाशिष्ठी नदीत तसाच, तो काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसलेले, आणि त्यात पूररेषांचा वाद. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर निळ्या रेषेच्या आत गेलं की नवं बांधकाम विसरायचं. त्यामुळे ज्याला त्याला एकच हवं होतं: माझं घर कुठे येतं? मी नकाशा पाठवला. छापून आला दोन कॉलमात, काळापांढरा. आता ओळखा निळी कुठली आणि लाल कुठली! उपसंपादकाला तरी काय बोलणार, त्याला एका पानात पाच तालुके बसवायचे होते.

पोर्टल काढल्यावर पहिलं काम तेच केलं. नकाशा रंगीत, बोटांनी मोठा करता येईल असा, एकेका आळीचा वेगळा. रात्री उशिरापर्यंत फोन वाजत होता.

आणि तिथेच फजिती झाली. एक आळी मी रेषेच्या चुकीच्या बाजूला दाखवली होती. वीस मिनिटांत कळलं, गुपचूप नकाशा बदलला, सुटलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जुना स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपांवर, आणि एकाचा घराचा सौदा त्यावरून अडलेला. वर कुजबुज अशी की बिल्डरने दम दिला म्हणून मी नकाशा फिरवला. पेपरात असं झालं असतं तर चूक छापलेली राहिली असती, दुसऱ्या दिवशी खुलासा आला असता, आणि दोन्ही अंक वाचनालयाच्या फाईलमध्ये शेजारी शेजारी बसले असते. मी मात्र माझीच चूक पुसून बसलो होतो. आता बदल केला की खाली 'दुरुस्ती' म्हणून वेळेसकट लिहितो, आधी काय होतं तेही ठेवतो.

पेपरची आणखी एक गोष्ट उचलली. शेवटच्या पानाच्या तळाला मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची बारीक अक्षरातली ओळ असते ना, 1867 च्या कायद्याने आलेली? ती कोणी वाचत नाही, पण नोटीस पाठवायची झाली की वकील आधी तीच शोधतो. मीही माझं नाव-पत्ता तळाला टाकलाय. त्यावरून दोन नोटिसा आल्या आहेत.

तरी आमचे एक निवृत्त गुरुजी अजून ऐकत नाहीत. पोर्टलवरची कामाची बातमी झेरॉक्सच्या दुकानात नेतात, प्रिंट काढतात, वर पेनाने तारीख घालतात आणि कपाटात लावून ठेवतात. परवा म्हणाले, "अरे, जरा मोठ्या टाईपात टाकत जा. प्रिंट बारीक येते."