तुम्ही विचारलंत म्हणून: लायसन लागतं कशाला?

"काका, ते वायरिंगचं लायसन काढून काय उपयोग?" आयटीआय करून आलेलं प्रत्येक पोरगं मला हे एकदा तरी विचारतंच. गिऱ्हाइकाचा प्रश्न उलट्या बाजूनं येतो. "लायसनवालाच कशाला पाहिजे ओ? तो पोरगा निम्म्यात करून देतो म्हणायलाय." गेल्या महिन्यात एका शिकलेल्या पाहुण्यांनी तेच जरा वरच्या पट्टीत विचारलं, की माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्याला सरकारनं परवाना लावावाच का? मी चहा मागवून वेळ मारून नेली.

वेळ मारून न्यायचं कारण आहे. एका लायसनपायी आमच्या घरातला पिढीजात धंदा गेला आणि दुसऱ्या लायसनवर आज आमचं घर चालतं.

माझे आजोबा बेळगावच्या शहापूरचे सोनार. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाच त्यांनी बागेसरीपुढं, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढं, बसून काम शिकलं. मुशीत सोनं वितळवायचं, फुंकणीनं जाळ नेमका जोडाच्या डाखावर आणायचा, ठुशीचा एकेक मणी बसवायचा. दुकान असं काही नव्हतं, सराफाकडून काम आणायचं आणि घडणावळ घ्यायची. चीनचं युद्ध झालं आणि १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम. सोन्याची तस्करी थांबावी, परदेशी चलन वाचावं, हा हेतू. पण आमच्याकडं लग्नात १४ कॅरटचं मंगळसूत्र कोण घालणार? काम बसलं. देशात कितीतरी सोनारांनी त्या काळात जीव दिले. आजोबांनी जीव दिला नाही, काही हत्यारं विकली.

१४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्यानं सोनाराला सर्टिफिकेट आणि सराफाला लायसन कायम केलं. आजोबांनी ते सर्टिफिकेटही काढलं. वडील सांगायचे, की त्यानंतर आजोबा दागिन्यापेक्षा वहीकडं जास्त बघायचे. किती गुंजा आल्या, किती गेल्या, तपासणीला कोण आलं तर काय दाखवायचं. वडिलांनी ते बघितलं आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांकडं मोटर रिवायंडिंगला लागले. १९९० मध्ये कायदा रद्द झाला, आपले मधु दंडवते अर्थमंत्री असताना. तोवर आमच्या घरात फुंकणी धरता येणारं कुणी उरलं नव्हतं. तस्करी मात्र २७ वर्षं सुखात चालली होती.

एवढं झाल्यावर मी लायसनच्या नावानं बोटं मोडायला पाहिजेत. मोडतही होतो. म्हणजे त्या म्हशीपर्यंत.

घरात नवीन कनेक्शन घ्यायचं तर वायरिंग पूर्ण झाल्याचा रिपोर्ट लागतो आणि त्यावर लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरची सही. देशभराचा नियमच तसा आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला कुणी चालतं, पण वायरिंगचं काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं, सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाच्या हातून. कागदावर हे सगळं चोख आहे. प्रत्यक्षात काम एक पोरगं करतं आणि सही दुसराच कुणीतरी विकतो. मीही विकली. लायसन नवं होतं, भाड्याचं दुकान होतं, पाचशे रुपये मिळत होते. घर बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात, मी बघितलेलंसुद्धा नाही. मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, अर्थिंगचं रीडिंग घ्यायचं, ते सगळे आकडे मी दुकानातच बसून भरले.

दोन पावसाळ्यांनी त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो. तिथं कळलं, की गल्लीच्या टोकाला एकाची म्हैस करंट लागून मेली. घर बघितलं आणि नाव आठवलं. गोठ्यात पाण्याची मोटर होती. केबल घासून फेज लोखंडी पाइपला लागली होती. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. मी बोर्ड उघडला. हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, होती, अगदी नवीकोरी. बोटाभोवती गुंडाळतात तशी गुंडाळून मागं खुपसलेली, कशालाच जोडलेली नाही. बाहेरून तीन पिनचा सॉकेट कसा दिमाखात बसला होता! ओल्या जमिनीवर उभी राहून म्हैस पाणी प्यायला गेली आणि पाइपला तोंड लावलं. तिच्या जागी घरातली सहा वर्षांची नात असू शकली असती, ती तिथंच खेळत होती.

मी खड्डा काढून, कोळसा-मीठ घालून फुकट अर्थिंग करून दिलं. मालक चहा पाजून हात जोडत होता. सही माझी होती हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

तर माझं उत्तर त्या हिरव्या वायरीपाशी आहे. न्हाव्यानं केस वाकडे कापले तर आरशात दिसतात आणि महिन्यात परत वाढतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत न्हाव्यालासुद्धा लायसन लागतं म्हणे, मला ते हसू येण्यासारखं वाटतं. शिंप्यानं ब्लाऊज बिघडवला तर बाईच त्याला चार शब्द सुनावते, सरकार मध्ये कशाला? पण गिलाव्याआड गेलेली वायर गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि चूक झाली तर ती भोगायला तोच माणूस असेल असंही नाही. भाडेकरू असेल, शेजारी असेल, जनावर असेल. अशा कामाला परवाना पाहिजेच. भूल देणाऱ्याला पाहिजे, औषध देणाऱ्याला पाहिजे.

सोन्याचा कसही डोळ्यांना दिसत नाही, मग सोनाराला का नको, असं तुम्ही म्हणाल. कारण दागिना हातात घेऊन नंतरही तपासता येतो. आज सरकार तेच करतं. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, २०२३ च्या एप्रिलपासून विकायच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी नंबर लागतो. नोंदणी विकणाऱ्याची. घडवणारा कारागीर कोण, किती शिकलाय, हे कुणी विचारत नाही. खरं-खोटं मालावर ठरतं. हे शहाणपण १९६३ ला सुचलं असतं तर मी आज कदाचित ठुशीच बनवत असतो. घटनेत धंदा करायचा हक्क आहे, आणि त्याच कलमात, १९ मध्ये, सरकारला व्यावसायिक पात्रता ठरवायची मुभाही आहे. मुभा आहे म्हणून जिथं तिथं वापरायची नसते.

आमच्या भागात ह्याला अजून एक गाठ आहे. बाचीची हद्द ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. माझं गिऱ्हाईक दोन्हीकडं आहे, अर्धे पाहुणे तिकडचे. आजोबांचं सर्टिफिकेट दिल्लीच्या कायद्याचं होतं, माझं लायसन कर्नाटकाचं. नियमात परमिट राज्य सरकारनं "दिलेलं किंवा मान्य केलेलं" असावं असं आहे, म्हणजे मी शिनोळीत चालतो का नाही हे मुंबईनं ठरवायचं. इकडं वीज हेस्कॉमची, तिकडं महावितरणची, करंट दोन्हीकडं २३० व्होल्टच. बेळगावचा ड्रायव्हर त्याच लायसनवर चंदगडला गाडी नेतो, बेळगावचा वकील गडहिंग्लजच्या कोर्टात उभा राहतो. वायरमन तेवढा हद्दीवर अडकतो. ह्यात गिऱ्हाइकाची कुठली सुरक्षा आहे, मला कुणी समजावून सांगावं.

आणि आमचा मामा. नात्यानं कुणाचाच मामा नाही, पण वीस वर्षं माझ्याकडं आहे आणि सगळी त्याला मामाच म्हणतात. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. बोर्ड उघडायच्या आधी नुसता हाताचा मागचा भाग जवळ नेऊन, "गरम हाय ओ, लूज हाय कुठंतरी," म्हणतो आणि ते खरं निघतं. त्या म्हशीच्या घरी मामा गेला असता तर हिरवी वायर तशी राहिली नसती. पण परमिट त्याच्याकडं नाही. कन्नड तो माझ्यापेक्षा फर्डा बोलतो, बाजारात भाव करावा तर त्यानंच, पण फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, आणि लिहायचं म्हटलं की त्याचा हात थरथरतो. ज्या हातानं चालू लायनवर काम केलंय तोच हात. २०१९ मध्ये केंद्रानं धंद्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हरची आठवी पासची अट काढून टाकली. चालवून दाखव आणि लायसन घे. मामालाही बोर्ड, पक्कड आणि मेगर देऊन एका खोलीत तासभर बसवा, आणि सही विकणाऱ्याचं लायसन एका खेपेत काढून घ्या. त्या हिशेबानं माझं त्या वर्षी जायला पाहिजे होतं.

परवा मी त्याचा फॉर्म आणला. रविवारी दुकान बंद करून दोघं बसलो. नाव, पत्ता, वय मी भरलं. फोटो त्यानं टोपी घातलेला आणला होता, परत काढायला पाठवला. मग शिक्षणाचा रकाना आला.

"काय लिहू रे मामा?"

"तुम्हीच लिवा की मालक," म्हणाला, "काय शिकलोय ते तुम्हाला ठावं हाय न्हवं?"