रीजन्सी वाचनाची नोंदवही : ‘लाँगबॉर्न’ संपले, आता ब्रुसेल्सकडे

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे या खेपेस जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि तिच्या आधाराने पुढच्या लेखिकांनी रचलेल्या दोन कादंबऱ्या मी प्रकरणाला प्रकरण लावून वाचल्या. वहीच्या डाव्या पानावर मूळ वाक्य आणि उजव्या पानावर त्या वाक्याचे नव्या लेखिकेने काय केले ते, अशी नोंद ठेवण्याची पद्धत चांगलीच फळाला आली. काटेकोर अर्थाने रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० ही नऊच वर्षे. इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचे आजारपण बळावल्यामुळे युवराजाने राजाच्या नावाने कारभार पाहिला, तो हा काळ. मात्र एवढ्याशा काळावर आजवर इतके लिहिले गेले आहे की हाती काय घ्यावे यासाठी काही कसोटी हवीच. माझी कसोटी आता पक्की होत चालली आहे. ऑस्टेनबाईंनी एका वाक्यात उरकलेली गोष्ट जी कादंबरी हेरते आणि तिथेच पाय रोवते, ती मनात ठसते. जी नायक-नायिकेच्या लग्नानंतरची हकीकत नुसती पुढे ओढत नेते, ती बहुधा पांगते.

जो बेकर यांची २०१३ साली आलेली ‘लाँगबॉर्न’ या कसोटीला पूर्ण उतरली. मूळ कादंबरीतल्या बेनेट कुटुंबाच्या घरातले नोकर हा तिचा विषय, आणि नायिका सेरा नावाची मोलकरीण. हे नाव लेखिकेने मनाने घेतलेले नाही. मूळ कादंबरीच्या ५५व्या प्रकरणात थोरल्या मुलीच्या प्रेमात असलेला शेजारी बिंगली अवचित दाराशी येतो, तेव्हा घाईला आलेल्या मिसेस बेनेट सेराला हाक मारून थोरल्या मुलीला झगा चढवायला पाठवतात आणि लिझीचे, म्हणजे मूळ नायिका एलिझाबेथचे, केस राहू दे म्हणतात. सेराच्या वाट्याला मूळ कादंबरीत आलेली जागा एवढीच. अशी आणखी दोन वाक्ये मी डाव्या पानावर उतरवून ठेवली होती. पहिले बिंगलीची बहीण मिसेस हर्स्ट हिचे: आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत आलेल्या एलिझाबेथचा आतला परकर सहा इंच चिखलाने भरलेला होता, असे ती नाक मुरडून सांगते. आपण वाचक त्या वेळी एलिझाबेथच्या बाजूने असतो आणि तिच्या मोकळेपणावर खूश होतो. बेकर मात्र आपल्याला पहाटेच्या अंधारात, थंडीने फुटलेल्या हातांनी ते परकर घासणाऱ्या मुलीपाशी नेऊन उभे करतात. दुसरे वाक्य बिंगलीच्या नेदरफील्ड या घरच्या नृत्यसमारंभाआधीच्या पावसाचे. त्या दिवसांत मुलींना घराबाहेर पडता येत नव्हते, म्हणून बुटांवर लावायची फुलेसुद्धा दुसऱ्या कुणाकडून तरी आणवावी लागली, एवढेच ऑस्टेनबाई सांगतात. तो ‘दुसरा कुणी’ भर पावसात जवळच्या मेरिटन गावाला चालत गेला असणार, याचा विचार मी इतकी वर्षे केला नव्हता आणि आता तो टाळता येत नाही. मूळ पुस्तकाचा मान राखून त्याला असा प्रश्न विचारणारी कादंबरी क्वचितच हाती लागते.

बाराव्या प्रकरणात मेरिटनला उतरलेल्या पलटणीच्या बातम्यांच्या ओघात एका शिपायाला फटके मारले गेल्याचा उल्लेख येतो, तोही बेकर यांनी सोडलेला नाही. शिवाय घरातल्या जेम्स नावाच्या नोकराच्या पूर्वायुष्यातून त्या आपल्याला स्पेनमधल्या युद्धात नेतात. हा भाग काहींना लांबलेला वाटतो. मला तो आवश्यक वाटला, कारण मेरिटनच्या लाल डगल्यांमागे खरे युद्ध चालू होते हे त्यामुळेच जाणवते.

वहीच्या शेवटी मी १८११ चे कॅलेंडर आखून घेतले आहे आणि अशा वाचनात रमणाऱ्या प्रत्येकाने ते आखावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बेनेटांचा नातलग कॉलिन्स आपल्या पत्रात सोमवार, १८ नोव्हेंबर रोजी येण्याचे कळवतो. नेदरफील्डचे नृत्य मंगळवारी ठरते आणि पुढे बिंगली त्याची तारीख २६ नोव्हेंबर सांगतो. हे वार आणि तारखा १८११ सालाशी बरोबर जुळतात. आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी १९२३ च्या आपल्या आवृत्तीत या कादंबरीचे कालगणित १८११-१२ च्या पंचांगावरूनच मांडले. गंमत अशी, की १७९९ मध्येही २६ नोव्हेंबरला मंगळवारच होता. मूळ मसुदा १७९६-९७ मध्ये लिहिला गेला होता, तेव्हा कथानक कोणत्या सालात बसवायचे याला थोडी मोकळीक राहते आणि स्पिन-ऑफ, म्हणजे तिच्या आधाराने नव्या कादंबऱ्या, लिहिणारे ती आपापल्या सोयीने घेतात.

पी. डी. जेम्स यांनी ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ची, म्हणजे एलिझाबेथच्या सासरी पेम्बर्लीला घडणाऱ्या खुनाची, कथा १८०३ च्या ऑक्टोबरात ठेवली आहे, ती याच मोकळिकीमुळे. वयाच्या ९१व्या वर्षी इतकी रेखीव भाषा लिहिणाऱ्या लेखिकेबद्दल मला नितांत आदर आहे. तरी रहस्यकथा म्हणून पुस्तक मंद आहे, सुरुवातीची बरीच पाने मागची गोष्ट आठवून देण्यात जातात आणि एलिझाबेथला बोलायला फारसे मिळत नाही. उजवे पान बरेचसे कोरे राहिले.

सध्या जॉर्जेट हेयर यांची ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) चालू आहे. रीजन्सी प्रणयकथा हा प्रकार आज ज्या रूपात आपल्याला ठाऊक आहे, त्याची घडी हेयर यांनीच बसवली. १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून त्यांचे या काळावरचे लेखन सुरू झाले आणि तिच्यातली मंडळी इथे ब्रुसेल्समध्ये पुन्हा भेटतात. १५ जून १८१५ च्या रात्री डचेस ऑफ रिचमंड यांच्या नृत्यसमारंभात नेपोलियनच्या चढाईची बातमी येऊन पोहोचते आणि अधिकारी तिथून थेट आघाडीकडे निघतात, या प्रसंगापर्यंत मी पोहोचले आहे. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या तोंडी हेयर यांनी शक्य तिथे त्याचे स्वतःचे शब्द घातले आहेत, त्यामुळे हा माणूस पानावर येताच संवादाचा पोत बदलतो. मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडतो. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढला होता आणि ती लढाई तो उतारवयातही आपल्या थोर विजयांत गणत असे. पेम्बर्लीतला तो काल्पनिक खून याच्या पुढच्याच महिन्यातला, हे कॅलेंडरावर दोन्ही तारखा शेजारी लिहिल्यावर ध्यानात आले.

पुढचा टप्पा ‘सँडिटन’ या ऑस्टेनबाईंच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीचा. जानेवारी १८१७ मध्ये ऑस्टेनबाईंनी ती लिहायला घेतली, १८ मार्चला बाराव्या प्रकरणात लेखणी ठेवली आणि १८ जुलैला विंचेस्टरमध्ये त्यांचे निधन झाले. समुद्रकाठच्या गावाला आरोग्यस्थान म्हणून नावारूपाला आणण्याची खटपट आणि वेस्ट इंडीजहून आलेली श्रीमंत मिस लँब एवढी सामग्री मांडून गोष्ट थांबते. १९७५ मध्ये ‘आणखी एका बाईंनी’ या सहीने ती पूर्ण करून प्रसिद्ध झाली; त्यामुळे इथे मूळ लेखिकेने सोडलेली फट शोधण्याऐवजी जोड कुठे दिसतो ते तपासायचे आहे. मी आधी फक्त मूळ बारा प्रकरणे वाचून मिस लँबविषयीचा प्रत्येक उल्लेख डाव्या पानावर उतरवणार आहे, आणि मगच पुढे जाणार आहे. ज्यांनी १९७५ ची आवृत्ती वाचली आहे, त्यांनी शेवट न फोडता एवढेच कळवावे, की मिस लँबला त्यात स्वतःचे म्हणणे मांडायला मिळते का.